भिंतीकडची रांग

आत्या कुठल्याही वस्तूचा आधी वास घेते आणि मग ती वस्तू बघते. नवं पुस्तक, उन्हातून आणलेली चादर, परीक्षेहून घरी आलेली भाची, सगळ्यांना एकच न्याय. एका जुन्या रेस्टॉरंटमध्ये ती वाइन सांभाळते. वर टेबलाशी उभी राहून ग्लास भरते ती आणि खाली तळघरात आडव्या निजवलेल्या बाटल्या पिकायची वर्षानुवर्षं वाट पाहते तीही तीच. तिच्या सासरी मात्र बरीच वर्षं ‘हॉटेलात असते’ एवढंच सांगून विषय बदलला जायचा.

तळघरात एका फ्रेंच रेड वाइनचा मोठा साठा होता. नवी असताना ही वाइन कडक काळ्या चहासारखी तुरट, जीभ धरून ठेवणारी. वय झालं की तुरटपणा विरघळतो आणि आत दडलेले वास एकेक करून बाहेर येतात. कधी येतात, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं. म्हणून आत्या अधूनमधून एक बाटली उघडून बघायची आणि दर वेळी मालकांना सांगायची, “अजून नाही.”

शेवटी मालक वैतागले. “बाई, तुमचं ‘अजून नाही’ ऐकत माझे केस पांढरे झाले. पुढच्या आठवड्यात लग्नाची पार्टी आहे. उद्या एक उघडा. बिघडलेली निघाली तर सगळा माल पंचमध्ये. साखर, संत्री, बर्फ, आणि विषय संपला.”

पंच म्हटल्यावर आत्याचा चेहरा कुणीतरी घरातलं माणूस विकायला काढल्यासारखा झाला.

दुपारी जेवणारे उठून गेले की रेस्टॉरंट रिकामं असतं. त्या वेळी तिने माझ्या बाबांना बोलावून घेतलं, त्यांच्यासोबत मीही. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात आणि एरवी दारूच्या थेंबालाही शिवत नाहीत. म्हणूनच तिला त्यांचं नाक हवं असतं. “जाणकार लोकांना काय वास यायला हवा ते आधीच माहीत असतं,” ती म्हणते, “हा ठोंब्या येतो तोच सांगतो.”

बाटली आदल्या दिवसापासून उभी करून ठेवली होती, तळाशी गाळ बसावा म्हणून. बूच अर्ध्यात मोडलं. उरलेलं तिने हलक्या हाताने काढलं, बाटलीच्या मानेखाली टॉर्च धरला आणि वाइन काचेच्या रुंद भांड्यात अगदी सावकाश ओतली. गाळाची काळी रेघ मानेशी आल्याबरोबर हात थांबवला. मग नेहमीप्रमाणे वाइनला हवा लागू दिली.

मालकांनी घोट घेतला. “व्हिनेगर व्हायला निघालीय ही.”

“तुझं काय रे?”

बाबांनी ग्लासात नाक घातलं. “ताई, राग नको मानूस. फुलं टाकून दिली, पण फुलदाणीतलं पाणी कुणी ओतलंच नाही, तसं.”

आत्याने स्वतः चव घेतली. मालक फोन काढून पार्टीवाल्यांचा नंबर शोधू लागले. तिच्या डोळ्यांत मात्र दुःखापेक्षा कोडं जास्त होतं.

“गेल्या खेपेला हिने ओठ घट्ट मिटून घेतले होते. इतक्यात म्हातारी कशी होईल?” मग एकदम म्हणाली, “मालक, ही बाटली कुठली?”

“कुठली म्हणजे? दाराजवळच्या रांगेतली. काल तुम्ही कोपऱ्यात शिरत होतात, मीच हाताशी होती ती काढून दिली.”

ती टॉर्च घेऊन खाली पळाली. तिच्यामागे आम्ही. दाराजवळच्या बाटल्यांमध्ये वाइनची पातळी मानेखाली, खांद्यापर्यंत उतरली होती. लांबच्या कोपऱ्यातल्या बाटल्या अजून मानेपर्यंत भरलेल्या. बाबांनी सवयीने त्या रांगेमागच्या भिंतीवर तळहात टेकवला.

“ताई, हात लाव.”

भिंत कोमट होती. पलीकडच्या लाँड्रीवाल्याने बॉयलर बसवला होता आणि त्याची भिंत हीच. त्या उबेने ही रांग आधीच म्हातारी झाली होती.

“मी दर वेळी त्याच कोपऱ्यातली काढायची,” आत्या हळूच म्हणाली. “बाकीच्या हलू नयेत म्हणून. सगळ्यांची तब्येत एकीलाच विचारत बसले.”

कोपऱ्यातली एक बाटली वर आणली. ती आधी गप्प होती. थोड्या वेळाने बाबा ग्लासावरून मान वर करून इकडेतिकडे बघू लागले. “पेन्सिलीला टोक कुणी केलं आत्ता?” मालकांनी फोन खिशात ठेवला.

“म्हणजे कोपरा राहू दे, भिंतीकडची पंचमध्ये,” ते म्हणाले.

“थांबा. मघाशी तिच्यावर अन्याय झाला. दम लागलेल्या बाईला मी जिना चढायला लावला. इतकी हवा सोसायचं तिचं वय नाही.”

तिने भिंतीकडची दुसरी एक बाटली उघडली. या वेळी भांडं नाही, वाट बघणं नाही, थेट ग्लासात. मालकांनी घोट घेतला आणि लगेच दुसरा घेतला. वाळलेल्या आलुबुखारचा गोडसर वास टेबलावर पसरला होता, जुन्या चामड्याच्या बॅगेसारखं काहीतरी त्याच्या मागे. मग मालक आणि बाबा लाँड्रीवाल्याशी भांडायचं कसं यावर बोलत बसले. तेवढ्यात ग्लासातली वाइन आंबट आणि पोकळ होऊन गेली.

“गेली,” मालक ग्लासाकडे बघत म्हणाले. “आत्ता तर होती.”

“आधी काय गेलं, लक्षात आलं का? आधी गोडवा गेला. चामडं मागे रेंगाळलं,” आत्या म्हणाली. हे तिला नव्यानेच कळलं होतं आणि तो आनंद तिला लपवता येईना.

पार्टीवाल्यांना दुसरी वाइन दिली. कोपऱ्यातल्या बाटल्या आणखी लांबच्या थंड खोलीत गेल्या. भिंतीकडची रांग त्या आठवड्यात टेबलावर आली, तीही ‘टेबलाशीच उघडायची’ या आत्याच्या अटीवर. पहिल्या संध्याकाळी एका जोडप्याने ती मागवली. आत्याने बाटली त्यांच्यासमोरच उघडली आणि दोघांचे ग्लास भरले. नवरा हातात ग्लास घेऊन, चष्मा सरसावून, या वाइनची सगळी माहिती विचारू लागला.

“सांगते, सगळं सांगते,” आत्या म्हणाली. “पण आधी प्या. ही थांबणार नाही, मी थांबते.”