पट्टीची बाजू

सकाळपासून आभाळ दाटलेलं आणि हवा चिकट. दुरुस्तीवाल्यानं ताईच्या पंचवीस वर्षांच्या लॅपटॉपच्या बोर्डावर सोल्डरिंग गन टेकवली, तसा दुकानभर कुजक्या मासळीचा वास सुटला.

"कपॅसिटरमधून गळालेलं पाणी अजून तसंच आहे. पाव्हणे, साफ केलं म्हणालात ना?"

पाव्हणे म्हणजे ताईचे दीर. आठवड्यापूर्वी त्यांनी व्हिडिओ बघून गळके कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे डबे, बदलले आणि स्क्रीन पार काळी करून ठेवली. ताईच्या स्वेटरची सगळी नक्षी त्या लॅपटॉपमध्ये होती, ती दुसरीकडे उघडतच नव्हती.

"रुमालानं पुसलं की!"

"नाक पुसलंत की बोर्ड?" भिंग डोळ्याला लावून त्यानं कपाळावर हात मारला. "आणि हे सगळे उलटे बसवलेत!"

"छे! कपॅसिटरवर पट्टी असते ती बाजू म्हणजे वजा. लहान पोरालाही कळतं."

"जुन्या गोल डब्यांवर वजा. तुम्ही लावलेत ते पिवळे चौकोनी ठोकळे. त्यांच्यावर पट्टी म्हणजे अधिक. उलटे लावले की पेट घेतात. घर पेटलं नाही हे ताईचं नशीब."

त्यानं ठोकळे उपटून कचऱ्यात टाकले, बोर्ड स्पिरिटनं धुऊन वाळवला आणि नवे कपॅसिटर सुलटे लावले. स्क्रीन उजळली. पहिलीच नक्षी दिसली, तशी ताई खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसली.

"म्हणजे फक्त दिशा चुकली," दीर म्हणाले. "बाकी माझं बरोबरच होतं."

"हो, उलट्या पायजम्यासारखं," असं म्हणून दुरुस्तीवाल्यानं दुसऱ्या गिऱ्हाइकाचा बोर्ड पुढे ओढला आणि जुन्या टूथब्रशनं त्यावरचा हिरवा गंज घासायला घेतला.