चंदनाचं सातवं झाड

आधीच सांगते... भूतबित, करणी, अंगात येणं, माझा कशावर म्हणजे कशावर विश्वास नाही. धारवाडला सत्तावीस वर्षं गणित शिकवलंय. उत्तर चुकलं तर चूक पोराची, गणिताची नव्हे, असं ठणकावणारी मी बाई! पण गेल्या वर्षी कलघटगीजवळ अण्णाच्या शेतावर जे झालं ते वाचा आणि तुम्हीच सांगा.

अण्णा माझा थोरला भाऊ. सगळी हयात अमरगोळच्या मार्केट यार्डात धान्य मोजण्यात गेली, आता वहिनींसोबत शेतावर राहतो. बांधावर चंदनाची सात झाडं आहेत. चंदन म्हणजे झाड आपलं, पण कायदा सरकारचा! वनखात्याच्या वहीत नोंद असते, परवानगीशिवाय तोडलं की सरळ केस.

मी सकाळी तिथे पोचले आणि पाठोपाठ वनखात्याचा गार्ड तपासणीला आला. बांधावरून चालत गेला, परत आला.

"आर अदाव री, अक्का."

सहाच! वहीत सात.

"डोळे तपासून घे," म्हणत मी स्वतः मोजली. एक, दोन... सहा. उलटीकडून मोजली, सहा. वहिनींनी प्रत्येक झाडाला हळदीचं बोट लावत मोजली... सहा! बरं, चोरी म्हणावी तर बुंधा नाही, खड्डा नाही, भुसा नाही.

"साहेब येतायत अर्ध्या तासात," गार्ड म्हणाला. "केस होणार."

अण्णा बहात्तर वर्षांचा. मटकन खाली बसला. "सुमे, देवाशप्पथ, मी तोडलं नाही गं." वहिनींनी तर रडत रडत पिशवीत त्याचे दोन सदरे आणि बीपीच्या गोळ्या भरायला घेतल्या... अहो, अजून साहेबसुद्धा आले नव्हते!

साहेब आले. त्यांनीही मोजली. सहा. पंचनाम्याचा कागद काढला, तेव्हा अण्णा उठला. "एकदा मी मोजू?" पहिल्या झाडाला हात लावून त्याने सुरू केलं, "लाभ... दोन... तीन..."

मी कपाळावर हात मारून घेतला. धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. एक म्हटलं की बरकत जाते म्हणे. जेलच्या दारातही याचं यार्ड सुटेना!

"...पाच... सहा..." अण्णा पुढे चालतच राहिला. "सात."

त्याचा हात झाडावर होता. खऱ्याखुऱ्या झाडावर, सालीवर मुंग्यासुद्धा!

साहेबांनी 'ओंदु', म्हणजे एक, म्हणून पुन्हा मोजली. सहा.

"लाभ म्हणा, साहेब."

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं, घसा खाकरला. "लाभ... एरडु... मूरु..." शेवटच्या झाडाशी पोचले ते "एळु!" असं ओरडूनच. सात! वहीत सही केली, तांब्याभर पाणी प्यायले आणि थेट जीपमध्ये जाऊन बसले.

वर्षभर मला चैन पडेना. परवा सात दोऱ्या कापून नेल्या. 'एक'पासून मोजत झाडांना बांधत गेले, तर एक दोरी हातात उरली. सगळ्या सोडल्या, 'लाभ'पासून बांधल्या... पुरल्या! मोजायला कुठून सुरुवात केली यावर झाडं कशी ठरतील? आजतागायत मला कळलेलं नाही.

अण्णाला विचारलं, "हे कसं काय रे?"

तो सातव्या झाडाला टेकून पान जुळवत होता.

"कसं ते राहू दे," म्हणाला. "मी घरी आहे ना, सुमे?"