हसऱ्या तोंडाची तीट

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा मोर्च्यांची पत्रकं जास्त. मला अक्षरओळख झाली तीच ‘धिक्कार असो’पासून. त्यामुळे दोन हजार सालच्या आसपास जुन्नरच्या एका छोट्या संस्थेत काम करत असताना, पैसे देणाऱ्या कंपनीनं ‘तुमच्या कामानं लोकांचा आनंद किती वाढतो ते मोजून दाखवा’ असं कळवलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. आनंद काय कांद्याची गोण आहे, काट्यावर टाकायला? पण मोजला नाही तर आहुपे गावात होऊ घातलेल्या बालवाडीचे पैसे बंद होणार होते. ती चालवणार असलेल्या गावच्याच ताईंचं कामही जाणार होतं. म्हणून कबूल झाले.

मोजायचं साधन म्हणजे एक पुठ्ठा. त्यावर ओळीनं तोंडं छापलेली, ढसाढसा रडणाऱ्यापासून खदाखदा हसणाऱ्यापर्यंत. आपलं जसं चाललंय तशा तोंडावर बायांनी बोट ठेवायचं.

बालवाडी सुरू होण्याआधी कंपनीचे साहेब पुठ्ठा घेऊन आले, तेव्हा सगळ्यांनी हसऱ्या तोंडावर बोट ठेवलं होतं. वर्षानं साहेब परत आले. आता पोरं गाणी म्हणत होती, त्यांच्या आया निर्धास्तपणे भात लावायला जात होत्या. आणि एकूण एक बाईनं रडक्या तोंडावर बोट ठेवलं.

साहेब हादरले. “म्हणजे बालवाडीनं गाव दुःखी केलं?”

मी ताईंना बाजूला घेऊन कारण विचारलं.

“अवो, पोरांचं बरं चाललंय म्हणून चारचौघांत सांगत्यात व्हय? दृष्ट लागंल की.”

“मग आधी सगळ्या हसऱ्यावर कशा?”

“तवा दृष्ट लागण्यासारखं काय व्हतं आमच्याकडं? आता तुमीच सांगा बायांना, हसऱ्यावर बोट ठेवा म्हणून. तुमचं ऐकतील.”

“नाही सांगणार. पढवलेली उत्तरं ही लोकांची फसवणूक आहे!”

“बरं. मंग बालवाडी बंद पडल्यावर पोरं काय तुमच्या तत्त्वावर बसवू?”

पत्रकं मनातच मिटली आणि मी साहेबांना दृष्टीचं सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पटतंय. पण तक्त्यात दृष्टीचा रकाना नाही.”

कडेवर पोर घेतलेली एक बाई मघापासून हे ऐकत होती. ती वैतागून पुढं आली. “आणा हिकडं त्यो पुठ्ठा.” पोराच्या गालावरचं काजळ तिनं अंगठ्यानं निपटलं आणि हसऱ्या तोंडाच्या गालावर ठसठशीत तीट लावली. मग त्याच्यावर बोट ठेवून म्हणाली, “लई झ्याक चाललंय!”

झालं. सगळ्यांची रांग लागली. प्रत्येकीचं बोट तिटीच्या तोंडावर.

“साहेबांना बी लावा गं,” मागून कुणीतरी म्हणालं. “गोरंगोमटं हाय, घाटात नजर व्हायची.”

साहेबांनी निमूटपणे गाल पुढं केला.

बालवाडी वाचली. पुढच्या वर्षी कंपनीचे नवे, गुळगुळीत पुठ्ठे आले. हसऱ्या तोंडावर तीट छापूनच आलेली. साहेबांनी मोठ्या अभिमानानं पुठ्ठा पहिल्या बाईपुढं धरला. तिनं तो निरखून पाहिला आणि रडक्या तोंडावर बोट ठेवलं.

“छापील तिटीनं कुटं दृष्ट टळती, राव?”

मी तोंड उघडणार, तोवर ताईंनी काजळाची डबी पुढं सरकवली होती.