धुलाईघराच्या लिफ्टचा प्रस्ताव

माझी आई एका मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघराची मुकादम आहे. धुलाईघर तळघरात, वाळवायची जागा गच्चीवर आणि मधे जिना. ओल्या चादरींची गाठोडी पाठीवर घेऊन बायका दिवसभर चढतात. वर ती ठिबकतात ते वेगळंच. गेल्या महिन्यात त्याच पाण्यावरून घसरून मावशीचा खुबा मोडला. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, तिच्याच हाताखाली काम करणारी. तेव्हा आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती उतरलीच नाही. तिनं कपड्यांसाठी लिफ्ट मागितली.

व्यवस्थापक साहेब म्हणाले, प्रस्ताव लिहून आणा. गरज काय, फायदा काय, पटवून द्या.

आई लिहायला बसली आणि मी साहेब झाले. चष्मा नाकाच्या टोकाशी आणून विचारायचे, "ते ठीक आहे हो ताई, पण म्हणजे बघा, दवाखान्याला काय मिळणार?" आई उत्तरही द्यायची आणि उलथनंही उगारायची. मावशी पलंगावरून म्हणायची, "हुबेहूब तोच मेला. हाण त्याला."

प्रस्ताव झकास झाला. सुरुवातीलाच आईनं मोठ्या अभिमानानं लिहिलं, की आमच्या बायकांनी एकाही वॉर्डाला कधी चादरीवाचून ठेवलेलं नाही, अपघाताच्या दिवशीसुद्धा नाही.

साहेबांनी नेमकं तेच धरलं. काम उत्तम चाललंय म्हणता, मग अडचण कुठे आहे? कागद परत.

घरी येऊन आईनं ते जसंच्या तसं ऐकवलं. तिला नक्कल जमत नाही. त्या दिवशी जमली, आणि मला हसू आलं नाही.

"आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला," ती म्हणाली. "पडलेल्या बाईचं गाठोडंसुद्धा आम्ही वर पोचवलं. पोचवलं ते पोचवलं, वर मिरवलं."

दुसऱ्या दिवशी तिनं फर्मान काढलं: गाठोडं अर्धं, धरायचं दोघींनी, आणि जिना पुसल्याशिवाय पुढचं उचलायचं नाही. ऑपरेशनचे कपडे तेवढे आधी. दुपारपर्यंत वॉर्डावॉर्डांतून फोन खणखणू लागले. शेवटी, कधी नव्हे ते, साहेब स्वतः तळघरात उतरले. ताई, हे काय चाललंय, म्हणाले.

"अडचण," आई म्हणाली. "कालपर्यंत आमच्या पाठीवर होती, म्हणून तुम्हाला दिसली नाही."

साहेबांनी प्रस्ताव पुन्हा मागवलाय. लिफ्ट अजून आलेली नाही. गाठोडी अर्धीच चढतात. इतके दिवस जमत होतं, मग आताच काय झालं, असं कुणी विचारलं की आई त्याला आधी मावशीला भेटून यायला सांगते.