नियमवाले पाद्रीसाहेब

आमच्या पाद्रीसाहेबांना हसताना मी कधी पाहिलं नाही. लग्नातही नाही आणि नाताळातही नाही. काहीही विचारा, हनुवटी वर करून म्हणत, "चर्चचा नियम आहे." मंडळी त्यांना नियमवाले म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर बोलायची कोणाची टाप होती!

पांढरकवड्याचं आमचं चर्च इंग्रज अधिकाऱ्यांसाठी बांधलेलं. अधिकारी गेले, पण त्यांचा तोरा साहेबांनी जपून ठेवला होता. मूळचे ते पुण्याकडचे. आमच्या वऱ्हाडी बोलण्याला नाक मुरडायचे. "आपण अँग्लिकन आहोत," ते बजावत, "दुसऱ्या मिशनवाल्यांसारखी मनाला येईल ती प्रार्थना आपण करत नाही. पुस्तकात आहे तीच करतो." बिशपांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, त्या बिशपांच्या डोक्यावर आधीच्या बिशपांनी, अशी ही रांग थेट येशूच्या प्रेषितांपर्यंत पोचते, हे त्यांचं आवडतं प्रवचन. इतक्या हातांखालून गेलेल्या माणसाला खाली बघायला मात्र कोणी शिकवलं नव्हतं.

छप्पन साली नागपूरला दीक्षा झाली. मामा सगळ्या घरादारासह बौद्ध होणार होता. त्याने बोलावलं म्हणून आई भाकरी बांधून, पांढरं लुगडं नेसून गेली. दीक्षा तिने घेतली नाही. येशूवरचा तिचा विश्वास तसूभरही हलला नव्हता. पण कुणीतरी चुगली केली आणि साहेबांनी तिला बोलावून घेतलं. मी सोबत होते.

"तिथे हात जोडलेत?"

"जोडले, साहेब. सगळ्याइनं जोडले."

"मग रविवारी मंडळीसमोर गुडघे टेकून म्हणा, माझं चुकलं."

"भावाच्या आनंदात गेली, हे चुकलं म्हणू? थे खोटं होईन, साहेब. देवाच्या घरात मी खोटं काहून बोलू?"

झालं! आईचं प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या नावाने मिळणारी भाकर आणि द्राक्षारस, बंद. ती तरी कसली ऐकते? भोजनाच्या दर रविवारी पुढे जायची, वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकायची, हातावर हात ठेवून थांबायची. साहेब शेजारणीला भाकर द्यायचे, प्याला द्यायचे आणि आई जणू तिथे नाहीच असे पुढे सरकायचे. अशी वर्षं गेली. मामा म्हणे, "कायले जाते वं तिथं अपमान करून घ्याले?" आई म्हणे, "जेवण त्याचं थोडीच हाय? देवाचं हाय." माझं मात्र रक्त उकळायचं.

याच माणसाने एकदा भर पावसात झरीकडच्या जंगलात सायकल हाणली होती, एका मरणाऱ्या म्हातारीला प्रभुभोजन द्यायला. छातीशी बांधलेल्या कुपीतला द्राक्षारस थेंबभरही हिंदकळू दिला नाही म्हणतात. हे मी नाकारत नाही. पण म्हणूनच जास्त चीड येते. झरीपर्यंत पोचणारा हात माझ्या आईपर्यंत पोचत नव्हता.

पुढे माझं दृढीकरण ठरलं, म्हणजे बिशपांनी डोक्यावर हात ठेवून मला मंडळीत पक्कं करायचं आणि मग माझं पहिलं प्रभुभोजन. त्याच्या वर्गात साहेबांनी आम्हाला एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली. प्याला दोन्ही हातांनी धरायचा. एक थेंबही सांडता कामा नये. सांडला तर प्रभूचा अपमान. आईला त्यांनी निरोप धाडला, बिशप येणार आहेत, त्या दिवशी पुढे येऊ नका.

आई आलीच. माझ्या शेजारी गुडघे टेकले. बिशपांना काय माहीत! त्यांनी मला भाकर दिली, तशीच तिलाही दिली. आईने ती तोंडात घातली. मागून साहेब प्याला घेऊन आले. मी दोन्ही हातांनी घेतला, घोट घेतला आणि त्यांना परत न देता आईकडे वळले.

साहेबांचा हात झपकन पुढे आला. प्याल्यापाशी आला आणि थांबला. प्याला भरलेला होता. ओढला असता तर सांडला असता. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचाच नियम त्यांच्या आडवा आला होता.

"पी, माय," मी म्हटलं. आई प्यायली.

साहेबांनी प्याला घेतला आणि तिचे ओठ लागलेली कड कापडाने घासघासून पुसली. ते घासणं मी विसरलेले नाही आणि माफही केलेलं नाही. वर्षभरात त्यांची बदली झाली. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी हार घातले. मी घातला नाही.

आता साहेब नाहीत, आईही नाही. मी आजही कठड्याशी गुडघे टेकते. प्याला पुढे आला की दोन्ही हातांनी घट्ट धरते, थेंबभरही सांडू देत नाही. एवढं त्या माणसाने मला पक्कं शिकवलं. मग मान वळवून आधी बघते, शेजारी कोणी उपाशी तर राहिलं नाही ना.