मिशीवाल्याच्या अंगावरची जांभळी

मंचरच्या एका साड्यांच्या दुकानात मी गेली बावीस वर्षं साड्या नेसतो. म्हणजे विकतो, पण विकायच्या आधी नेसावी लागते. गिऱ्हाईक गादीवर बसतं, मी शर्ट-पँटवरच निऱ्या काढतो, खांद्यावर पदर टाकतो आणि विचारतो, "ताई, कशी दिसतीय?" पोट आणि मिशी सोडली तर मला साडी शोभते, असं आमच्या हिचं मत आहे.

मध्यंतरी जो तो दुकानातले व्हिडिओ टाकायला लागला. मला वाटलं, आपल्यात काय कमी आहे? त्या दिवशी पिंपळवंडीची नवरीकडची मंडळी लग्नाचा बस्ता बांधायला आली होती. बस्त्यात दोन ढीग लागतात. एक घरच्यांनी नेसायच्या साड्यांचा, दुसरा नुसत्या देण्याघेण्याच्या. मी खोक्यांना मोबाईल टेकवला, जांभळी काठपदराची नेसलो आणि अशी गिरकी घेतली, की स्वतःच्या वरातीतही घेतली नव्हती. दुपारी डबा खाता खाता व्हिडिओ टाकून दिला. आवाज बंद करून वर गाणं लावायचं असतं, हे मला कोण सांगणार?

दोन दिवस मी हवेत होतो. एसटीत कंडक्टर म्हणाला, "काय राव, पदर लई भारी!" मी तिकीट घ्यायलाच विसरलो.

तिसऱ्या दिवशी शेठनी मोबाईल माझ्या कानाला लावला. गिरकीच्या मागून नवरीच्या आईचा खणखणीत आवाज: "ती शेवाळी नवरदेवाच्या आत्याला बांधा. ती कुठं नेसतीय? दील कुणाला तरी."

"आत्याबाई बोरीहून निघाल्यात," शेठ म्हणाले. "गिऱ्हाईक भरवशानं घरातलं बोलतं इथं, आणि तुम्ही गावभर वाजवलंत! त्यांचं समाधान झालं तर ठीक. नाहीतर उद्यापासून घरी बसून कांदे निवडा."

मी व्हिडिओ पुसला, पण तो तोवर सगळ्या पाहुण्यांच्या मोबाईलवर जाऊन बसला होता. पन्नाशीला आलेल्या माणसाला, साडी छान नेसतो एवढ्या शिक्षणावर, दुसरीकडं कोण ठेवून घेणार?

आत्याबाई दोन सुना घेऊन आल्या. "कुठाय तो मिशीवाला?"

मी हात वर केला.

"ती शेवाळी काढ. नेस."

बस्ता फॉल लावायला दुकानातच होता. मी शेवाळी नेसलो. दुकानातल्या सगळ्या बायका हातातल्या साड्या सोडून बघायला लागल्या.

आत्याबाईंनी मला वरून खाली न्याहाळलं. "तुलाबी नाय शोभत. मला कशी शोभल? आता ती जांभळी."

जांभळी नेसलो.

"चाल. आरशापत्तुर जा. पोट आत घे!"

पोट आत घेऊन गेलो. आरशाशी आपोआप गिरकी निघाली. एक सून हसता हसता गादीवरून घसरली, आणि आत्याबाईंच्याही तोंडाला पदर गेला.

"हीच मला," त्या म्हणाल्या. "शेठ, लावा आमच्या विहिणीला फोन."

विहीणबाई फोनवर इतक्या घाईनं "हो हो, घ्या की" म्हणाल्या, की आत्याबाईंनी शेवाळीही ठेवून घेतली, वर ब्लाउजपीस वाढवून घेतला. मग शेठना म्हणाल्या, "ह्या पावण्याला काढू नका बरं. आमच्या सुनांना जल्मात असल्या निऱ्या नाय जमायच्या."

शेठ हसले. माझी नोकरी राहिली, मोबाईल मात्र तेव्हापासून दिवसभर गल्ल्याच्या खणात असतो.

जाताना आत्याबाईंनी शेवाळी माझ्या हातात ठेवली. "तुमच्या मंडळींना, माझ्याकडून."

मी ऐटीत घरी आलो, सगळी हकिगत सांगितली, गिरकीसकट. आमच्या हिनं साडी उलगडली, उजेडात धरली, परत घडी घातली.

"मी कुठं नेसतीय ही?" ती म्हणाली. "ठेवते. कुणाला तरी द्यायला होईल."