पडक्या धक्क्यावरची भेग

सोमाजी माझ्या गोंदियाच्या फोटोच्या दुकानात शिरला तेव्हा मी एका नवरदेवाची हनुवटी सरळ करत होतो. सोमाजी म्हणजे तिरोड्याकडे वैनगंगेच्या घाटावर नाव चालवणारा. उंबऱ्यातच उभा राहून म्हणाला, "बाबू, तुमच्या फोटूनं आमाले बुडवलं जी."

गिऱ्हाईकासमोर असं बोललेलं मला चालत नाही. नवरदेवाचं उरकलं, त्याला पाठवलं, मग विचारलं, "काऊन? काय केलं माझ्या फोटोनं?"

"साहेब म्हणते धक्क्याले भेग आहे. वरून खालपर्यंत. म्हणते हा धक्का गेला, आता इथला घाट बंद."

धक्का म्हणजे नदीत पंधरा-वीस पावलं आत गेलेला दगडी ओटा. नाव त्याला लागते. माणसं, बकऱ्या, धानाची पोती चढतात-उतरतात. समुद्रावर मोठ्या बोटींना असतो तोच प्रकार, आमचा लहान. त्या पावसाळ्यात पूर आला आणि त्याचा पुढचा अर्धा भाग वाहून गेला. मागचा अर्धा उभा राहिला. तेवढ्याला जोडून पुन्हा बांधायचं की घाटच कोसभर खाली न्यायचा, हे सरकारी इंजिनिअर साहेबांना ठरवायचं होतं. खालच्या घाटावर दुसऱ्यांच्या नावा होत्या. घाट तिकडे गेला असता तर सोमाजीच्या भावकीतली चार घरं उपाशी मेली असती. साहेबांना यायला सवड नव्हती म्हणून त्यांनी फोटो मागवला. गोंदियात तेव्हा दुसरेही फोटोवाले होते, पण साहेबांनी मला बोलावलं, हेही लिहून ठेवतो.

मी पेटीतून त्या फोटोची माझ्याकडची प्रत काढून सोमाजीसमोर धरली. उभ्या राहिलेल्या दगडांवर वरपासून पाण्यापर्यंत काळी, वाकडीतिकडी रेघ. आंधळ्यालाही दिसावी अशी.

"ही काय मग?"

"अशी भेग नाही जी तिथं. मी रोज त्याच्यावर पाय ठेवून राहिलो."

"तुझा डोळा चुकेल, सोमाजी. माझी काच चुकत नाही."

"मंग चला. दाखवा भेग."

मला असं कोणी म्हटलं की मी जातोच. शाळा माझी दुसरीत सुटली, पण माझ्या कामात कोणी बोट दाखवलेलं मी ऐकून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने तिरोडा, तिथून बैलगाडी. कॅमेराही सोबत घेतला. भेगेचा जवळून फोटो काढून सोमाजीचं तोंड बंद करायचं, हा विचार.

पहिल्या वेळी मी समोरच्या वाळूवर तिपाई लावून लांबून फोटो काढला होता. धक्क्याला हात लावला नव्हता. आता गुडघाभर पाण्यातून जवळ गेलो आणि फोटोत रेघ होती तिथे बोट ठेवलं. बोट आत गेलं नाही. लाल झालं.

शेंदूर होता. पुरात अर्धा धक्का टिकला म्हणून सोमाजीच्या आईने वरच्या दगडाला देव मानून तेल-शेंदूर चोपडला होता. उन्हाने तेल पातळ होऊन ओघळ थेट पाण्यापर्यंत आला होता. पहिल्या वेळी तो मी पाहिला नव्हता असं नाही. पण आमच्या भागात दगडावर शेंदूर दिसला की माणूस हात जोडतो आणि पुढे जातो. मीही तेच केलं होतं.

आता हे समजावून सांगतो. आम्ही तेव्हा फोटो काचेवर घेत असू. काचेवर मसाला असे, त्याला उजेड लागला की चित्र उमटे. पण त्या काळच्या आमच्या काचांना लाल रंग दिसत नसे. म्हणून तर अंधाऱ्या खोलीत लाल कंदील लावून आम्ही काच धूत असू, लाल उजेडाने ती बिघडत नसे. जे काचेला दिसत नसे ते कागदावर काळं येई. नवरीचं कुंकू फोटोत काळं येतं हे मला पंधरा वर्षं माहीत होतं. पण कपाळावर काळं आलं तर ते कुंकू आहे हे सगळ्यांना कळतं. दगडावर काळं आलं तर ती भेग.

गप्प घरी गेलो असतो तर कोणाला कळलं नसतं. पण सोमाजी माझ्या लाल बोटाकडे पाहत होता.

"पुसून टाका तो शेंदूर," मी म्हणालो. "दुसरा फोटो काढतो."

सोमाजीची आई काठावर बसली होती. म्हणाली, "देवानं धक्का वाचवला अन तुम्ही त्याले पुसाले निघाले? पुसा. मंग नावही तुम्हीच चालवा."

तो बेत तिथेच संपला. आणि पुसलेल्या दगडाचा फोटो पाहून साहेब म्हणाले असते, चुना भरून भेग बुजवली. तोंडी सांगावं तर ते म्हणाले असते, नावाड्यांनी फोटोवाल्याला पढवलं. काचेनं केलेली चूक काचेनंच दाखवायला हवी होती.

मी म्हातारीला विचारलं, "शेंदूर उरला आहे का?"

"पुडी आहे. कायले?"

"सोमाजीच्या अंगाला लावतो."

सोमाजी दोन पावलं मागे गेला. "देवाचं देवाले. मी नाही."

"देवाले लावला नाही तोवर बाजारातला रंगच आहे," म्हातारी म्हणाली. "पण माझ्या लेकाले नको. तुमची चूक, तुम्हीच लावून घ्या."

बरोबर बोलली. मी तेलात शेंदूर कालवला आणि कपाळापासून नाकावरून, पांढऱ्या बंडीवरून, धोतरापर्यंत एक वाकडी रेघ ओढून घेतली. धक्क्याला लागून उभा राहिलो. माझ्या कॅमेऱ्याला मी कोणाला हात लावू देत नाही. त्या दिवशी सोमाजीला लावू दिला. सगळं मी जुळवून ठेवलं होतं, त्याने फक्त भिंगावरचं झाकण काढून परत लावायचं होतं.

"किती वेळ काढून ठेवू?"

"तीन वल्ही मारायला लागतात तेवढा."

"भरल्या नावेची का रिकाम्या?"

"रिकाम्या. अन हसू नको, तिपाई हलते."

तो हसला नाही. काठावरच्या बाया हसल्या.

तो फोटो घेऊन मी स्वतः भंडाऱ्याला साहेबांच्या ऑफिसात गेलो. साहेब हिंदी बोलणारे. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"यह कौन है?"

"मैंच हूँ, साहेब."

"बीच में से फटे हुए क्यों हो?"

"आपका धक्का जैसा फटा है, वैसाच मैं फटा हूँ."

मग पिशवीतून तीच बंडी काढून टेबलावर ठेवली. लाल रेघ जशीच्या तशी. साहेबांनी बंडी पाहिली, फोटो पाहिला, आधीचा फोटो मागवून तोही पाहिला.

"यह बात पहली बार क्यों नहीं बताई?"

"पहली बार में मेरे ध्यान में नहीं आया."

एवढं वाक्य बोलायला मला तीन वल्ह्यांपेक्षा जास्त वेळ लागला. साहेब म्हणाले, "अब फोटो नहीं चाहिए. मैं खुद आता हूँ."

आठवड्यात ते आले. हातोडी घेऊन धक्क्यावर ठोकू लागले. म्हातारी काठावरून म्हणाली, "जरा बाजूनं जी, मधात देव आहे." साहेबांनी बाजूने ठोकलं. सगळीकडे भरीव आवाज आला. त्यांनी तिथेच बांधकामावर देखरेख करणाऱ्या ओव्हरसियरला सांगितलं, घाट हलवायचा नाही, पुढचा भाग जोडून बांधा. सोमाजीने शेंदराच्या दगडाला हात जोडले. परतीच्या गाडीत मी तिरोड्यापासून गोंदियापर्यंत झोपलो, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

उन्हाळा संपायच्या आत काम झालं. नावा त्याच घाटावर राहिल्या. बंडीचा डाग काही निघाला नाही, आणि बायकोने ती मला दुसऱ्यांदा घालू दिली नाही.

धंद्यातल्या माणसाला सांगण्यासारखं एवढंच: तेव्हापासून सरकारी कामाच्या प्रत्येक फोटोमागे मी पेन्सिलीने लिहीत गेलो, यात लाल काय काय आहे ते. दुसरीपर्यंतचं शिक्षण तेवढ्याला पुरलं.